दार आतून कोण उघडतं?

आमच्या महिला मंडळाच्या फायलीत एका निवेदनाची ऑफिस कॉपी आहे. त्यावर पोलीस ठाण्याचा गोल शिक्का आणि खाली पोच दिल्याची सही. विषय : 'आपल्या भागातील परप्रांतीय भाडेकरूंची चौकशी होऊन त्यांना येथून हलविण्याबाबत.' त्याखाली ६१ बायकांच्या सह्या. पहिली सही माझी, मंडळाची सचिव ना मी! मजकूरही माझाच. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा हा असा उपयोग. फाईल उघडली की तो कागद मी पटकन उलटते. आज मात्र त्याच्याबद्दलच लिहायचं ठरवलंय.

आमचं तालुक्याचं गाव. पुण्याला एस.टी.नं तीन तास. दोन कॉलेजं, एक लहानशी एमआयडीसी, गुरुवारचा बाजार. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या गल्लीतला एक मुलगा शाळेमागच्या पडक्या खोलीत बेशुद्ध सापडला. वय १९. दारू नाही, हे डॉक्टरांनी लगेच सांगितलं. त्याच्या खिशात दोन इवल्याशा प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. सोनार चमकी ज्या पिशवीत घालून देतो ना, तसल्या. आत पांढरी पूड. 'एमडी' ही अक्षरं मी तोपर्यंत फक्त डॉक्टरांच्या पाटीवर वाचलेली!

मुलगा वाचला. पण गल्लीची झोप उडाली. त्या शनिवारी भिशी होती, तिथे दुसरा विषयच नाही. हे गावात आणलं कुणी? उत्तर दोन मिनिटांत सापडलं. "ते भय्ये राहायला आल्यापासूनच सुरू झालंय हे." गल्लीच्या टोकाला एक जुनं घर भाड्यानं दिलेलं होतं. पुढच्या दोन खोल्यांत पीओपीचं काम करणारी पाच पोरं, मागच्या खोलीत पाणीपुरीवाला, त्याची बायको आणि चार वर्षांचा मुलगा. पुरावा काय? तर रात्री उशिरा येतात, मोबाइलवर मोठ्यानं बोलतात, त्यांच्याकडे सारखी नवी माणसं येतात. बास. रात्री अकरापर्यंत गाडी लावणारा माणूस अकरानंतरच घरी येणार, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

निवेदन दिलं, पेपरात फोटो आला. पोलिसांनी त्या खोल्यांची झडती घेतली. पीठ, बटाटे, पीओपीची पोती... दुसरं काही मिळालं नाही. तरी घरमालकानं "बायकांचा विरोध आहे" म्हणत आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करून घेतल्या. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी गच्चीवर कपडे काढत होते. पाणीपुरीवालीच्या कडेवर पोरगं होतं, तापानं फणफणलेलं. तिनं वर बघितलं. तिला मराठी बरं यायला लागलं होतं. "ताई, आमचं काय चुकलं?" एवढंच म्हणाली. मी बादली उचलली आणि खाली आले.

दीड महिन्यानं एस.टी. स्टँडच्या मागे पोलिसांनी दुचाकीवरच्या एका मुलाला पकडलं. गाडीच्या डिकीत ११ ग्रॅम एमडी. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा आणि आमच्याच गल्लीतला! रिकाम्या पिशव्यांचं बंडल मिळालं ते त्याच्या घरी, स्वयंपाकघरात, दाण्याच्या कुटाच्या डब्यामागे. त्याची आई आमच्या भिशीतली. निवेदनावरची तिसरी सही तिची.

हा धंदा घरचे लोक चालवतात की बाहेरचे, असं कुणी विचारलं की मला आधी ती तिसरी सही दिसते. पण एका गल्लीवरून जगाचा न्याय करायचा नाही, म्हणून मग मी जमेल तितकं वाचलं, जुनी कात्रणं काढली, दोन-चार जाणत्यांना विचारलं.

आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना 'गर्द' हा शब्द आठवत असेल. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात त्यानं थैमान घातलं होतं. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, हे आपल्याला माहीत आहे. हे गर्द म्हणजे हेरॉइनचाच भेसळीचा भाऊ. तो मात्र बराचसा खरोखरच सीमेपलीकडून, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूनं येत होता. तेव्हा 'बाहेरून आलं' म्हणणं खोटं नव्हतं. आपल्या डोक्यात ते चित्र जे बसलं ते अजून तसंच आहे : कुठून तरी बोट येते, अनोळखी माणूस उतरतो, आपलं साधंभोळं पोर बिघडवतो.

एमडीचं तसं नाही. त्याचं पूर्ण नाव मेफेड्रोन. हे शेतात उगवत नाही, कारखान्यात बनतं. रसायनं लागतात, भांडी लागतात, वीज-पाणी लागतं, आणि रसायनशास्त्र शिकलेला माणूस लागतो. अंमली पदार्थांच्या कायद्यात ते आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याआधी त्यासाठी कडक कलमच नव्हतं. आणि गेल्या काही वर्षांत ते कुठे कुठे सापडलं ती गावं बघा.

ऑक्टोबर २०२३. नाशिकजवळचं शिंदे गाव. मुंबई पोलिसांनी तिथला कारखाना पकडला. त्या प्रकरणातल्या मालाची किंमत सुमारे ३०० कोटी सांगितली गेली. ज्या भावांवर आरोप आहे ते नाशिकचेच. त्यातलाच एक कैदी म्हणून पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचार घेत होता आणि तिथून पळाला. ते प्रकरण तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. त्याच महिन्यात सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतही छापा पडला.

फेब्रुवारी २०२४. पुणे पोलिसांनी सोमवार पेठेत एकाला पकडलं. तो धागा विश्रांतवाडीतल्या मिठाच्या गोदामाकडे गेला, तिथून दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात, आणि पुढे थेट दिल्लीला. सगळं मिळून १७०० किलोंहून जास्त एमडी! किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. ज्याला सूत्रधार म्हटलं गेलं तो परदेशात बसलेला. म्हणजे 'बाहेरचा' आहेच. पण कारखाना इथला, कारखान्याचा मालक इथला, आणि अटक झालेल्यांत शिकलासवरलेला केमिकल इंजिनिअर, तोही इथलाच.

मार्च २०२४. सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातलं इरळी. हा द्राक्षांचा पट्टा. मुंबईत कुर्ल्याला एका बाईकडे पुड्या सापडल्या, त्यावरून पोलीस सुरतेला गेले आणि तिथून इरळीला पोचले. १२६ किलो माल, २५२ कोटी. हिशेब करून बघा, पोलिसांच्या भावानं ग्रॅमला वीस हजार पडतात. गल्लीत मिळणारी पुडी याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते, कारण आधी चटक लावायची असते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात विट्याजवळ कार्वे इथे पुन्हा तसाच कारखाना निघाला.

आणि तुळजापूर! नवरात्रात आपण जिथे अनवाणी चालत जातो ते आईचं गाव. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एमडीच्या धंद्याला वाचा फुटली. माल मुंबईहून येत होता, पण विकणारे आणि घेणारे गावातले. आरोपींच्या यादीत पुजारी घराण्यांतलीही नावं आली. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या सासूबाईंनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि दिवसभर त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

आता यात एक गंमत बघा. गंमत कसली, लाज वाटावी अशी गोष्ट. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या त्याच चिंचोळी एमआयडीसीतून एफेड्रिनचा प्रचंड साठा पकडला. दोन हजार कोटींचा म्हणे. तो परदेशी पाठवायचा डाव होता. कुरकुंभचा मालही लंडनला गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे लंडनमधली एखादी आई "हे विष बाहेरून येतं हो," असं म्हणत असेल, तेव्हा तिच्या दृष्टीनं ते बाहेर म्हणजे आपला दौंड तालुका!

बाहेरचे नसतातच असं मी अजिबात म्हणत नाही. परदेशी नागरिक पकडले जातात, परराज्यातले पकडले जातात. खरा पैसा तर बहुतेक वेळा गावाबाहेरच्याच कुणाच्या खिशात जातो आणि आपली पोरं ११ ग्रॅमसाठी तुरुंगात बसतात. पण मैत्रिणींनो, बाहेरच्या माणसाला आपल्या गल्लीतलं काय माहीत असतं? कुठल्या मुलाच्या हातात पैसा खेळतो, कुणाचे वडील आखातात आहेत, कुणाचा नुकताच प्रेमभंग झालाय, कॉलेजच्या कुठल्या भिंतीमागे कॅमेरा नाही... हे फक्त आतल्याला ठाऊक असतं. शेड भाड्यानं देणारा आतला. तिप्पट भाडं कशाचं मिळतंय हे न विचारणारा आतला. मध्यरात्री येणाऱ्या उग्र वासाकडे "केमिकलची कंपनी आहे" म्हणून दुर्लक्ष करणारेही आतलेच.

आणि हे काही एमडीपुरतं नाही. छत्रपती संभाजीनगरकडे 'बटन' म्हणून ज्या गोळ्या विकल्या जातात, मालेगावकडे जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात, त्या मुळात झोपेच्या आणि मनाच्या आजारावरच्या गोळ्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांचंही तेच. हे औषध मुळात औषध म्हणूनच बनतं. चिठ्ठीशिवाय ते कुणीतरी हातात ठेवतं म्हणून त्याचं विष होतं. तो 'कुणीतरी' आपल्याला रोज नमस्कार करणारा असू शकतो.

बाहेरच्यावर बोट ठेवल्यानं काय होतं, त्याचं एक मोठं उदाहरण दिल्लीत घडलं होतं. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या सरकारातले एक मंत्री मध्यरात्री कार्यकर्त्यांना घेऊन खिडकी एक्स्टेंशन या वस्तीत गेले. तिथे राहणाऱ्या आफ्रिकी बायका ड्रग्ज विकतात, असा आरोप होता. त्या बायकांना अडवून ठेवलं, जबरदस्तीनं तपासण्या करायला लावल्या. तपासणीत काही निघालं नाही. तेव्हा मी तावातावानं मंडळात बोलले होते, "बाईमाणसाची ही विटंबना!" म्हणून. आणि दहा वर्षांनी मी स्वतः काय केलं? मध्यरात्री गेले नाही इतकंच. दुपारी साडेतीनला, नीट इस्त्रीची साडी नेसून गेले.

तिच्याकडे, म्हणजे त्या मुलाच्या आईकडे, जायला मला तीन आठवडे लागले. तोवर गल्लीतल्या कुणी तिच्या घरची पायरी चढलं नव्हतं. दार तिच्या सासूनं उघडलं. ती आत अंधारात बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, मला सगळं दिसत होतं हो."

काय दिसत होतं? पोरगा रात्र रात्र जागायचा. अभ्यास करतोय असं वाटायचं. जेवणावरची वासना गेली, गालफडं बसली. "डाएट करतोय." सारखा दातावर दात घासायचा. एक दिवस अखंड बडबड, तर दुसऱ्या दिवशी पांघरुणातून तोंड बाहेर काढायचा नाही. आजी पाणी द्यायला गेली तरी संशयानं बघायचा. आणि याच काळात नवा मोबाइल आला, चार हजारांचे बूट आले. "पार्सल पोचवायचं काम करतोय," असं सांगून महिन्याला पाच-सहा हजार आईच्या हातात ठेवायला लागला. वडिलांच्या दुकानाचं त्या वर्षी काही खरं नव्हतं. "कसलं पार्सल, ते मी विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं असतं तर पैसे बंद झाले असते."

हे वाक्य तिनं मला कसं सांगितलं असेल! मी असते तर सांगितलं नसतं.

पुढे कळलं ते असं. पोराला पहिली पुडी फुकट मिळाली, पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्याच तालुक्यातल्या मित्राकडून. मग विकत घ्यायला लागला. मग पैसे पुरेनात, तेव्हा मित्रच म्हणाला, "दहा पुड्या खपव, तुझी एक सुटेल." सगळीकडे ही अशीच वीण असते असं व्यसनमुक्तीच्या कामातले लोक सांगतात. ओढणारा आणि विकणारा हे दोन वेगळे लोक नसतातच पुष्कळदा. शाळेमागे बेशुद्ध सापडलेल्या मुलाला पुडी देणारा त्याच्याच क्रिकेटच्या टीममधला होता. त्या पाणीपुरीवाल्याशी या पोरांचा संबंध एवढाच की त्याच्याकडे त्यांची उधारी होती. ती तशीच राहिली.

थोडं कायद्याचं सांगते, कारण मला स्वतःला हे तेव्हा माहीत नव्हतं. एमडी २ ग्रॅमपर्यंत 'अल्प', ५० ग्रॅम आणि वर गेलं की 'व्यापारी' प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं आणि जामीन महाकठीण. मधल्या प्रमाणालाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपली जागा अशा कामाला वापरली जातेय हे माहीत असून वापरू दिली, तर मालकही गुन्हेगार. खोली, शेड, गाळा भाड्यानं देणाऱ्यांनी हे कलम, म्हणजे २५ नंबरचं, जरूर लक्षात ठेवावं. दुसरी बाजूही आहे. मुलगा नुसता व्यसनी असेल, किंवा त्याच्याकडे अगदी अल्प माल सापडला असेल, आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला न चालवण्याची सोय ६४ अ कलमात आहे. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ती सूट जाते. "पोलिसांत गेलं तर पोराचं आयुष्य बरबाद होईल" या भीतीनं आपण तोंड दाबून बसतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे. कुणी विकतंय अशी माहिती द्यायची असेल तर १९३३. नाव सांगावं लागत नाही. मुलींसाठी मुक्तांगणमध्ये 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. हो, मुलींसाठी. तिथे जाणाऱ्या मुली आपल्यासारख्याच घरांतल्या असतात.

तो मुलगा चार महिन्यांनी जामिनावर सुटला. खटला चालू आहे. सध्या जिल्ह्याच्या गावी एका केंद्रात उपचार घेतोय. एकदा पळून आला होता, पुन्हा नेऊन सोडला. तिथे दर बुधवारी पालकांची बैठक असते. त्याचे वडील येत नाहीत, लाज वाटते म्हणतात. म्हणून मी तिच्याबरोबर जाते. आमच्या ह्यांनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या, आता बुधवारचा कुकर स्वतः लावतात.

भिशीत ती अजून आलेली नाही. दोघीतिघी म्हणतात, "आम्ही कुठे येऊ नको म्हटलंय?" पण बोलावणंही कुणी केलेलं नाही. गल्लीत मात्र मत काही फारसं बदललं नाही. आता 'पुण्याची पोरं' बिघडवतात असं चाललंय. गल्लीच्या टोकाचं ते घर सहा महिने रिकामं होतं. आता तिथे एका कंपनीचे इंजिनिअर राहतात. तेही रात्री उशिरा येतात आणि फोनवर मोठ्यानं बोलतात, पण मराठीत. त्यांच्याबद्दल अजून कुणी निवेदन मागितलेलं नाही.

घरमालकाकडून मी पाणीपुरीवाल्याचा नंबर घेतला होता. दोनदा लावला. रिंग जाते, कुणी उचलत नाही. कुणी उचलला असता तर काय बोलायचं, हेही माझं ठरलेलं नव्हतं म्हणा.

मागच्या बुधवारी परतीच्या एस.टी.त आम्हाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. बराच वेळ ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. घाट ओलांडल्यावर एकदम म्हणाली, "ताई, त्या पाणीपुरीवालीचं पोरगं आता केवढं झालं असेल हो?"

"सहा वर्षांचं," मी म्हटलं. "शाळेत जात असेल."

"कुठल्या?" तिनं विचारलं.